शून्य अपघात आणि तीन लिटरचा कुकर

सई_ऐरोली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. दोन वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर बघते. प्रेस शॉप, मशीन शॉप, पावडर कोटिंग. कायम कामगार नव्वदच्या आसपास, ठेकेदाराचे त्याहून थोडे जास्तच. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. दरवर्षी झेंडा, शपथ, पोस्टर स्पर्धा आणि समोसा एवढ्यात आटपतो. यंदा एमडींनी नवीन काढलंय. ज्या खात्यात सलग तीन महिने एकही अपघात होणार नाही, तिथल्या प्रत्येकाला तीन लिटरचा प्रेशर कुकर. एकाला जरी लागलं तरी अख्ख्या खात्याचा कुकर गेला. "मग बघ कसे एकमेकांवर लक्ष ठेवतात ते."

मला काहीतरी खटकतंय, पण मीटिंगमध्ये नेमकं सांगता आलं नाही. बक्षिसाला माझा विरोध नाही. आमच्याकडे वीस-वीस वर्षं काम केलेल्या माणसाला कोणी 'छान केलंस' म्हटलेलं नाही. पण हे असं?

तुमच्याकडे सुरक्षेसाठी बक्षिसं असतात का? काही फरक पडला का? शुक्रवारी परत मीटिंग आहे.

रबाळे_लोकल | सोमवार, रात्री ९:५१

पहिला :)
तीन लिटरचा कुकर चार माणसांना पुरत नाही हो. युनियनने पाच लिटरची मागणी लावून धरावी. हलके घ्या.

पिवळं_हेल्मेट | सोमवार, रात्री १०:३०

तळोज्यात केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे, चौदा वर्षं झाली.

ताई, बरोबर खटकतंय तुम्हाला. अपघात टाळणं कामगाराच्या हातात अर्धंमुर्धंच असतं. गार्ड कोणी काढून ठेवलं, फरशीवर तेल कोणी सांडलं, रात्रपाळीला माणसं किती दिली, यातलं काहीच तो ठरवत नाही. लागलेलं लपवणं मात्र पूर्ण त्याच्या हातात असतं. कुकर हवा असेल तर तो काय करेल ते तुम्हीच बघा.

निवृत्त_फिटर | मंगळवार, सकाळी ६:१५

वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं काढली. आमच्या वेळी कुकर नव्हता, दहा किलोचा स्टीलचा डबा होता. गेटवर हिरवा फळा, त्यावर खडूने लिहिलेलं, 'आज अमुकावा अपघातमुक्त दिवस'. १८० दिवस झाले की सगळ्या प्लँटला डबा.

१७३ व्या दिवशी रात्रपाळीत एका हेल्परचं बोट कन्व्हेअरच्या चेनमध्ये आलं. नखासकट वरचं पेर गेलं. पोरगं विशीतलं, लग्न ठरलेलं. त्याने कॉटन वेस्ट गुंडाळलं, वरून हातमोजा चढवला आणि तो हात खिशात घालून पाळी संपेपर्यंत उभा राहिला. अडीच ते साडेसहा. मी त्याच्या शेजारच्या मशीनवर. मला दिसत होतं. सुपरवायझरलाही दिसत होतं. तिघांपैकी कोणी बोललं नाही. सकाळी मीच त्याला रिक्षाने डॉक्टरकडे नेलं आणि घरी दारात सापडलं म्हणून सांगितलं.

आठवडाभराने डबे वाटले. गेटवर मॅनेजरने भाषण केलं, टाळ्या झाल्या, त्यानेही डाव्या हाताने डबा घेतला.

आमच्या घरी तो डबा अजून आहे. तांदूळ असतो त्यात. बायकोला हे कधी सांगितलेलं नाही.

रबाळे_लोकल | मंगळवार, सकाळी ८:०५

काका... माझा वरचा प्रतिसाद काढून टाकला समजा.

वहीखातं | मंगळवार, सकाळी ११:२०

ठाण्यात छोट्या कंपन्यांचं पीएफ आणि ईएसआयचं (कामगार राज्य विमा) काम करतो. काकांच्या गोष्टीतल्या 'घरी दारात सापडलं' या शब्दांची किंमत सांगतो, कारण ती कोणी कामगाराला सांगत नाही.

ज्याचा पगार २१,००० पर्यंत आहे त्याला ईएसआय लागू. कामावर लागलं तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या ९० टक्के मिळतो. तेच घरी लागलं म्हणून सांगितलं की ती साधी आजारपणाची रजा होते, ७० टक्के, आणि तीही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण खरं नुकसान हे नव्हे. बोटाचं पेर गेलं म्हणजे कायमचं अपंगत्व. मेडिकल बोर्ड त्याची टक्केवारी ठरवतं आणि त्याप्रमाणे आयुष्यभर पैसे मिळतात. अपघात कामावर झाल्याची नोंदच नसेल तर बोर्डापुढे जाणार कशाच्या जोरावर?

डब्याच्या बदल्यात त्या पोराने काय दिलं त्याचा हिशेब करा.

कोपरीकर | मंगळवार, दुपारी १:४५

सगळे मालक मूर्ख आणि सगळी बक्षिसं पापी अशी गाडी चाललेली दिसते म्हणून लिहितोय. माझं पावण्याला ४० माणसांचं युनिट आहे. ग्राइंडिंगला गॉगल कोणी घालत नव्हतं. ओरडलो, नोटीस लावली, हाफ डे कापला. शून्य परिणाम. मग दर शनिवारी अचानक फेरी मारायला लागलो. गॉगल डोळ्यावर असेल (कपाळावर नाही!) त्याला तिथल्या तिथे शंभराची नोट. दोन महिन्यांत सगळे घालायला लागले. माणसाला पैसा कळतो. उगाच तत्त्वज्ञान कशाला?

पिवळं_हेल्मेट | मंगळवार, दुपारी २:१०

कोपरीकर, तुम्ही आमच्याच बाजूने बोलताय. तुम्ही नोट दिलीत गॉगल घातल्याबद्दल. डोळ्यात कण गेला नाही म्हणून दिली नाहीत. गॉगल लपवता येत नाही, कण गेलेला लपवता येतो.

एक विचारतो. नोटा बंद केल्यावर काय झालं?

कोपरीकर | मंगळवार, दुपारी २:३२

गॉगल परत कपाळावर. :( मग चष्म्याच्या दुकानातून चांगल्यातले आणले, धुकं न धरणारे. ते घालतात. आधीचे स्वस्तातले होते, पाच मिनिटांत काही दिसायचं नाही, हेही खरं.

निवृत्त_फिटर | मंगळवार, दुपारी ३:००

म्हणजे दोन महिने शंभराच्या नोटा वाटल्या तुम्ही खराब गॉगल खपवायला. :)

माधवी_वागळे | मंगळवार, रात्री ९:१५

काकांच्या वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा +१.

पॅकिंग लाइनला सुपरवायझर आहे, सगळ्या बायका. आम्हाला कटरसाठी हातमोजे मिळायचे ते पुरुषांच्या मापाचे. बोटांच्या टोकाला दीड-दोन इंच लोंबायचं आणि तेच ब्लेडमध्ये यायचं. आमच्यातल्या एकीने सूचना पेटीत लिहून टाकलं. महिन्याची 'उत्कृष्ट सूचना' ठरली. कॅन्टीनमध्ये बोलावून गुच्छ, मग, प्रमाणपत्र, फोटो. प्रमाणपत्र इंग्रजीत, तिला वाचता येत नाही, तिच्या मुलीने घरी वाचून दाखवलं.

लहान मापाचे हातमोजे आले साडेचार महिन्यांनी. तोवर रोज कोणीतरी तिला विचारायची, "काय गं, तुझ्या मगात हात घालून कापू का?" पुढे पेटीत कोणी चिठ्ठी टाकली नाही. मीही नाही.

ठेका_गेट_दोन | मंगळवार, रात्री ११:४८

खात्यातल्या प्रत्येकाला कुकर म्हणजे ठेकेदाराच्या माणसाला पण का? तेवढं विचारा ताई. आमच्याकडं मागच्या दिवाळीत सेफ्टीचं बक्षीस कायमवाल्यांना ट्रॉलीबॅग आणि आम्हाला टोपी. आमच्यातला एक शिडीवरून पडला तेव्हा मात्र तो 'प्लँटचा' अपघात, त्यानं त्यांच्या बॅगा गेल्या. महिनाभर आमच्याशी कोण बोलत नव्हतं. पडलेला परत आलाच नाही, ठेकेदारानं गेटपास घेतला.

सई_ऐरोली | बुधवार, सकाळी ७:५०

विचारते. खरं तर हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता, लाज वाटली.

आकडेमोड | बुधवार, सकाळी १०:३०

थोडी पुस्तकी भर. १९३१ साली हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमावाल्याने एक प्रमाण मांडलं: एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेच्या घटना असतात. सेफ्टीच्या प्रत्येक प्रशिक्षणात तो त्रिकोण दाखवतात. १-२९-३०० हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, त्यावर पुढे भरपूर टीका झाली. किरकोळ इजा कमी झाल्या म्हणजे मोठा स्फोटही टळला असंही नाही, दोन्हींची कारणं बऱ्याचदा वेगळी असतात. पण खालचे तीनशे समजले तर तुम्हाला काहीतरी करता येतं, एवढं त्यातून घ्यावं. कुकरने नेमके तेच तीनशे गायब होतात.

खारा_वारा | बुधवार, दुपारी १२:०५

आकडेमोड, तुमच्या शेवटून दुसऱ्या मुद्द्यावरच. मी आयुष्यभर ऑफशोअरला होतो, आता नेरूळला समुद्र लांबून बघतो.

२० एप्रिल २०१०. मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खोदणारी डीपवॉटर होरायझन रिग. त्या दिवशी कंपन्यांचे बडे अधिकारी हेलिकॉप्टरने रिगवर आले होते. एक कारण असं की सात वर्षं एकही असा अपघात झाला नव्हता ज्यात कामाचा दिवस बुडाला. त्याचं कौतुक करायचं होतं. रात्री स्फोट झाला, ११ माणसं गेली. बोट कापणं, पाय मुरगळणं यांचा हिशेब चोख होता. विहिरीचा दाब काय सांगतोय तिकडे दुर्लक्ष झालं. त्यानंतर आमच्या प्लॅटफॉर्मवर 'अपघातमुक्त दिवस'चा केक आला की मला तो घशाखाली उतरायचा नाही.

रबाळे_लोकल | बुधवार, दुपारी १२:४०

एवढं लांब कशाला जाता, डोंबिवली एमआयडीसी बघा की. मे २०१६, परत मे २०२४. काचा आमच्या मावशीच्या घरापर्यंत फुटल्या होत्या.

अवांतर: आम्ही ठाणेकर बक्षिसाचं शास्त्र दहीहंडीला शिकलोय. बक्षीस थराला असतं. आठ लावले तर इतके, नऊ लावले तर तितके लाख. कोणी कधी "सातव्या थराला पाय लटपटले म्हणून पथकाने शहाण्यासारखं खाली उतरायचं ठरवलं, त्यांना अकरा हजार" असं जाहीर केलेलं ऐकलंय?

निवृत्त_फिटर | बुधवार, दुपारी १:१५

नाही ऐकलं. पण असं बक्षीस एखाद्या मंडळाने ठेवलं तर वर्गणी मी देईन.

कोपरीकर | बुधवार, दुपारी ४:२०

दहीहंडीचा मुद्दा मान्य. तरी प्रेस शॉपबद्दल कोणी बोलतच नाहीये. सईताई, तुमच्या प्रेसला दोन हातांची बटणं आहेत ना, दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येतो ती? ती दोन्ही खरोखर दाबतात, की एक चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असतं?

सई_ऐरोली | बुधवार, संध्याकाळी ६:५५

आज मुद्दाम राउंडला गेले. सहापैकी दोन प्रेसवर एका बटणात आइस्क्रीमची काडी खोचलेली. विचारल्यावर ऑपरेटर हसला. "मॅडम, एक हात मोकळा राहिला तर ताशी साठ-सत्तर नग जास्त निघतात." आमच्याकडे नगांवर इन्सेंटिव्ह आहे. दर महिन्याला पगारात येतो.

निवृत्त_फिटर | बुधवार, संध्याकाळी ७:१०

मिळालं उत्तर. कुकर तीन महिन्यांनी एकदा, काडीचे पैसे दर महिन्याला. तुमच्या कंपनीत सुरक्षेचं बक्षीस आधीपासूनच आहे ताई, उलट्या दिशेचं. आधी ते बघा. त्या प्रेसला लाइट कर्टन म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा बसवून घ्या, हात आत गेला की खाली येणारा रॅम थांबलाच पाहिजे. आणि काडीवाल्याला मेमो देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी तो हसणार नाही आणि सांगणारही नाही.

पिवळं_हेल्मेट | बुधवार, रात्री १०:४५

शुक्रवारसाठी थोडं सविस्तर लिहितो. आमच्याकडे काय चुकलं तेही सांगतो, फुशारकी नको.

आम्हीही आधी दिवस मोजायचो. एकाचा मनगटाचा अस्थिभंग झाला तर हात गळ्यात बांधून त्याला टाइम ऑफिसात पेपर वाचायला बसवला. हजेरी लागली म्हणजे कामाचा दिवस बुडाला नाही. कारखाने कायद्यात जखमी माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर सरकारी खात्याला कळवायचं असा नियम होता, तो चुकवायलाही हीच युक्ती. जिथे फळ्यावर दिवस मोजतात तिथे असा एक पेपर वाचणारा सापडतोच.

मग साहेबांनी 'निअर मिस'ला बक्षीस काढलं. होता होता वाचलं ते कार्डावर लिहा. चांगली कल्पना, पण सोबत कोटा लावला, माणशी महिन्याला पाच कार्डं. पहिल्या महिन्यात २९ जणांनी एकाच जिन्यावर एकच सांडलेलं पाणी पाहिलं. एकाने लिहिलं, 'कॅन्टीनबाहेर कुत्रा चावता चावता राहिला.' कुत्रा कंपनीचाच, नाव शेरू, वय बारा, तोंडात दात नाहीत.

तिसऱ्या प्रयत्नात जरा जमलं. कोटा काढला. बक्षीस लहान केलं, इतकं लहान की त्यासाठी कोणी खोटं बोलणार नाही. आमच्याकडे कॅन्टीनचं कूपन आहे. खरा जोर उत्तरावर. कार्ड आलं की दोन दिवसांत फळ्यावर तीन गोष्टी: काय कळलं, काय करणार, कोण करणार. जमणार नसेल तर का नाही, तेही. ज्याच्या कार्डावरून दुरुस्ती झाली तो फिटरसोबत उभा राहून ती बघतो. नाव लावायचं की नाही हे त्याला विचारतो, कारण फोटो लागला की पोरं 'साहेबाचा माणूस' म्हणून चिडवतात. आणि काम थांबवणारा. आमच्या एका ठेक्याच्या वेल्डरने परमिटवर गॅस टेस्टची वेळ जुनी दिसली म्हणून टाकीत उतरायला नकार दिला. चार तास काम बंद. प्लँट हेड स्वतः खाली आला आणि सगळ्यांसमोर त्याच्याशी हात मिळवून म्हणाला, "परत असं दिसलं तर परत थांबव." पैसा एक दिला नाही. त्या दिवसानंतर कार्डं बदलली. त्या चार तासांचा जाब सुपरवायझरला विचारला नाही, हेही महत्त्वाचं. नाहीतर त्याने वेल्डरला पुढच्या महिन्यात बदलून घेतला असता.

अपघात शून्य झाले का? नाही. पहिल्या वर्षी नोंदलेले वाढले. हे एमडींना आधीच सांगून ठेवा.

माधवी_वागळे | गुरुवार, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. आमच्या मॅनेजरला प्रिंट काढून देणार. शेरूला सलाम.

वहीखातं | गुरुवार, सकाळी ११:००

सईताई, कागदाचं बळ हवं असेल तर जुन्या कारखाने कायद्यातलं कलम ४१जी सांगा. भोपाळनंतर १९८७ ला आलं. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती, त्यात कामगार आणि व्यवस्थापन समसमान. तुम्हाला लागू असो नसो, बक्षीस कोणाला हे अशा समितीने ठरवलं तर 'साहेबाचा माणूस' हा ठपका कमी बसतो. आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय तुमच्यापासून लोकलच्या अंतरावर, बेलापूरला सेक्टर १५ मध्ये आहे. ४ मार्च हा त्यांचाच स्थापना दिवस, १९६६ चा. एमडींना घेऊन चक्कर मारून या.

रबाळे_लोकल | गुरुवार, सकाळी ११:०४

एमडी लोकलने? त्याला वेगळं बक्षीस लागेल.

सई_ऐरोली | शुक्रवार, रात्री ८:३०

मीटिंग झाली. काकांची डब्याची गोष्ट नाव-गाव न सांगता वाचून दाखवली. एमडी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे असं कोणी लपवणार नाही." मी खिशातून आइस्क्रीमच्या दोन काड्या काढून टेबलावर ठेवल्या.

ठरलं ते असं. दिवसांचा फळा नाही. कार्डं, ठेकेदाराच्या माणसांसकट, मराठी-हिंदी दोन्हींत. लाइट कर्टनचं कोटेशन मागवायचं. प्रेसच्या इन्सेंटिव्हचा विषय 'पुढच्या तिमाहीत बघू'. अडचण एकच, खरेदी विभागाने मीटिंगआधीच प्रेस शॉपपुरते कुकर उचलले होते.

कोपरीकर | शुक्रवार, रात्री ९:००

'पुढच्या तिमाहीत' म्हणजे काय ते मालक म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. पाठ सोडू नका.

सई_ऐरोली | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:१५

धागा वर काढतेय. एकूण १४ कार्डं आली. बरीचशी साधी: कोटिंगचा एक्झॉस्ट पंखा, जिन्याचा तुटका कठडा, कॅन्टीनच्या सिलिंडरची तडकलेली नळी. नळी त्याच दिवशी बदलली, कठडा वेल्ड झाला, पंखा अडकलाय आणि तसं फळ्यावर लिहिलंय.

चौदावं कार्ड काल मिळालं. नाव नाही, हिंदीत. अर्थ असा: 'मागच्या ऑगस्टमध्ये चार नंबर प्रेसवर माझी दोन बोटं चेपली. ठेकेदार म्हणाला बाहेर दाखव, मी खर्च देतो. आता मूठ वळत नाही. हे इथे लिहायचं का माहीत नाही.'

ऑगस्टमध्ये आमचा रेकॉर्ड स्वच्छ होता. ग्राहकाच्या ऑडिटला मीच ती शीट सही करून दिली होती. मी आता काय करू?

वहीखातं | रविवार, सकाळी १०:४०

आधी माणूस शोधा, पण जाहीर विचारपूस नको. ऑगस्टची चार नंबरची ड्यूटी यादी बघा आणि एकटं गाठा. गेटपासला हात लागणार नाही हे एमडींकडून लेखी घेऊनच बोला. ईएसआय ठेकेदाराच्या कोडवर असलं तरी मूळ मालक म्हणून जबाबदारी तुमच्या कंपनीवरही येते. उशिरा का होईना, शाखा कार्यालयात अपघाताचा रिपोर्ट द्या आणि उशीर का झाला ते खरं लिहा. बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी, एक्स-रे, औषधाची बिलं, त्या पाळीतले साक्षीदार, जे मिळेल ते गोळा करा. मग मेडिकल बोर्ड. कागद घेऊन ठाण्याला या, मी बसतो तुमच्यासोबत, फी नको.

निवृत्त_फिटर | रविवार, सकाळी ११:३०

साक्षीदार मिळेल. चार नंबरच्या शेजारच्या प्रेसवर कोण होतं ते बघा. त्याला सगळं माहीत असतं.

सई_ऐरोली | रविवार, सकाळी ११:४५

उद्या पहिल्या पाळीला साडेसहाला जाते.

रबाळे_लोकल | रविवार, दुपारी १२:१०

जा ताई. आणि ते कुकर?

सई_ऐरोली | रविवार, दुपारी १२:१२

स्टोअरमध्ये. २२ नग, खोक्यासकट.